दवाखान्याचं बिल आणि आपण आधीच भरलेले पैसे



या अंकात मी एका कर्जाबद्दल लिहितेय. आपल्या गटाच्या कर्जमागणी अर्जावर ‘कारण’ असा एक रकाना असतो. त्यात म्हैस, शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, पोरांची फी असं काही ना काही लिहिलेलं असतं. आणि एक कारण वर्षभर सगळ्या गावांतून येत राहतं, ‘आजारपण’. हा शब्द वाचला की आपण पुढं काही विचारत नाही. विचारणं बरं दिसत नाही. बैठकीत दहा मिनिटांत ठराव होतो, सह्या होतात, पैसे दिले जातात.

खटाव तालुक्यातल्या एका गटात असंच झालं. त्या बैठकीला मीही होते. गटातल्या एका आक्कांच्या मालकांच्या छातीत दुखायला लागलं. जवळच्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांना नेलं. दोन दिवस ॲडमिट ठेवलं, तिसऱ्या दिवशी स्टेंट टाकला. माणूस वाचला, ही सगळ्यात मोठी गोष्ट. पण बिल झालं १,४०,००० रुपये. ४०,००० रुपये म्हैस विकून आले. ६०,००० गटानं दिले, दोन रुपये शेकड्यानं. उरलेले ४०,००० सावकाराकडून आणले, पाच रुपये शेकड्यानं.

आता हिशोब करा. गटाचं व्याज महिन्याला १,२०० रुपये. सावकाराचं २,००० रुपये. म्हणजे मुद्दल तसंच ठेवून महिन्याला ३,२०० रुपये नुसतं व्याज, आणि दूध देणारी म्हैस तर गेलेली.

आक्कांच्या कपाटात केशरी रेशनकार्ड होतं. त्यांच्या मालकांवर झालेला उपचार सरकारी योजनेत बसणारा होता. भरती करताना जावयानं विचारलंही होतं, “योजना चालती का?” “इथं नाही,” एवढं उत्तर मिळालं. ते खरंही होतं, तो दवाखाना योजनेत नव्हताच. पण ‘मग कुठं आहे?’ हा प्रश्न त्या दोन दिवसांत कुणी विचारला नाही. जावयानं नाही, आपण गटातल्या बायकांनी नाही आणि मीही नाही. मी त्या दिवशी परतफेडीचे हप्ते किती पाडायचे तेवढंच बघत होते. एमएसडब्ल्यूला दोन वर्षं शिकले, पण तो साधा प्रश्न माझ्या तोंडात आला नाही.

नंतर ग्रामसंघाच्या बैठकीत मी योजनेचं सांगायला लागले तर आक्काच म्हणाल्या, “आगं पोरी, फुकाट ते पौष्टिक म्हणत्यात, पण दवाखान्यात फुकाटचं कोण देतंय? आन् दिलं तर ते तसलंच असणार.” सगळ्या हसल्या. मला मात्र तेव्हाच वाटलं की आधी हा ‘फुकट’ शब्द नीट समजून घ्यायला पाहिजे. म्हणून हा लेख.

हा पैसा येतो कुठून?

“आम्ही कुठं टॅक्स भरतो? टॅक्स नोकरवाले भरतात,” असं तुम्ही म्हणाल. इन्कम टॅक्स आपल्यातल्या बहुतेकजणी भरत नाहीत, हे खरं. पण कर एकच नसतो.

मोबाइलचा रिचार्ज घ्या. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २९९ रुपयांचा रिचार्ज मारला तर त्यात साधारण ४५ रुपये कर असतो. महिन्याला एक रिचार्ज धरला तर वर्षाला ५४० रुपयांच्या वर झाले, आणि हा एकाच मोबाइलचा हिशोब. चहापत्ती आणि साखरेवर ५ टक्के. अंगाच्या साबणावर, टूथपेस्टवर आधी १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. सुट्टं धान्य, भाजी, दूध यांवर कर नाही. पण शिक्का मारलेलं पाकीटबंद पीठ घेतलं की ५ टक्के. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळं आणि राज्याचा व्हॅट वेगळा. ट्रॅक्टरनं रान नांगरून घेतलं, वडापनं बाजारला गेलात, तरी त्या भाड्यात डिझेलवरचा कर आलाच.

म्हणजे घरात एक रुपयाचा इन्कम टॅक्स नसला तरी किराणा दुकानात, पंपावर आणि मोबाइलवर आपण रोज कर भरतोच. पावती आपल्या नावाची नसते, एवढाच फरक.

पगारदार माणसाकडून तर आरोग्यासाठी वेगळं घेतलं जातं. २०१८ पासून इन्कम टॅक्सवर ४ टक्के ‘आरोग्य आणि शिक्षण उपकर’ आहे. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या आपल्या मुलाचा टॅक्स १०० रुपये झाला, तर त्याला १०४ भरावे लागतात. वरचे ४ रुपये या दोन कामांच्या नावानं घेतलेले असतात.

एका ठिकाणी गोळा केलेला कर दुसऱ्या ठिकाणी गरजेला पोचवणं, हे आपल्या भागाला नवं नाही. साठीच्या पुढच्या तायांना रोजगार हमीची कामं आठवत असतील. माण, खटाव, जत, आटपाडीत दुष्काळात खडी फोडली, बांध घातले, पाझर तलाव खणले. ही कल्पना पुढं आणली ती तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी, आणि पहिला प्रयोगही विसापुरातच १९६५ साली झाला. पुढं योजना राज्यभर न्यायची तर पैसा लागणार होता. म्हणून १९७५ साली नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारातून कापलेले पैसे इथल्या मजुराच्या हातात आले. ती मजुरी घेताना तुमच्या आईला, सासूला कमीपणा वाटला नाही. तो कामाचा हक्क होता.

दवाखान्याचंही तसंच आहे. सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याच्या कामाला ते यायचं. आपल्या गटाची बचत दुसरं काय करते?

हा पैसा जातो कुठं?

स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ साली, भोर समितीनं सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडू नये. इंग्लंडनं १९४८ पासून कराच्या पैशातून सगळ्यांवर उपचार सुरू केले. आपल्याकडं ते टप्प्याटप्प्यानं होतंय आणि अजून पुरं झालेलं नाही. आज आपल्या कराचा आरोग्यावरचा पैसा मुख्यतः दोन वाटांनी जातो.

पहिली वाट सरकारी दवाखान्यांची. उपकेंद्र, पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, तिथले पगार आणि औषधं, आशाताईंचं मानधन, १०८ ची गाडी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी, उपचार याला पैसे घेत नाहीत. सांगली आणि मिरजेचं सिव्हिल मात्र वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे. ते वेगळ्या खात्याकडं येतं, म्हणून तिथं ठरलेली फी लागते. ती खासगीच्या मानानं पुष्कळ कमी असते. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मात्र २०११ पासून सगळीकडं मोफत आहे. सिझर, औषधं, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सगळं त्यात आलं. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही ते लागू आहे.

दुसरी वाट योजनेची. इथं उपचार खासगी दवाखान्यातही होतो, बिल सरकार भागवतं. २०१२ साली राज्यानं ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ आठ जिल्ह्यांत सुरू केली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर नेली. पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळायचे. २०१७ मध्ये तिचं नाव ‘महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना’ झालं. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची ‘आयुष्मान भारत’ आली, पाच लाखांची. २०२० मध्ये महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालवायला सुरुवात झाली. २८ जुलै २०२३ च्या निर्णयानं राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांचं संरक्षण द्यायचं ठरलं, आणि १ जुलै २०२४ पासून ते सुरू झालं. आता पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं. “आमचं पांढरं कार्ड हाय, आम्हाला काय मिळत नाही,” हे आता जुनं झालं.

याचा खर्च कोण उचलतं? आयुष्मानच्या यादीतल्या कुटुंबांसाठी १०० रुपयांतले ६० केंद्राचे आणि ४० राज्याचे. त्या यादीत नसलेल्या बाकीच्या कुटुंबांचा खर्च राज्याचा. पैसे देण्याच्या पद्धती दोन. एक विम्याची. सरकार प्रत्येक कुटुंबामागं विमा कंपनीला हप्ता भरतं आणि बिल कंपनी भागवते. दुसरी हमीची. मधे कंपनी नसते, सरकारची ‘राज्य आरोग्य हमी सोसायटी’ दवाखान्याला सरळ पैसे देते. २०२० च्या रचनेत दीड लाखापर्यंत विमा आणि त्यावर पाच लाखांपर्यंत हमी असं होतं.

ही विम्याची गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही योजना वापरली नाही तरी तुमच्या घराच्या नावाचा हप्ता गेलेला असतो. आक्कांच्या घराचाही गेला होता. म्हणजे आक्कांनी एकाच दुखण्याचे पैसे दोनदा भरले. एकदा कराच्या रूपानं आणि दुसऱ्यांदा म्हैस विकून, कर्ज काढून.

‘पाच लाख’ म्हणजे काय, आणि काय नाही

पाच लाख रुपये खात्यावर येत नाहीत. कुणी तसं सांगून ओटीपी मागत असेल तर तो फसवतोय. ही पूर्ण कुटुंबाची वर्षाची मर्यादा आहे. ती माणशी नसते.

कुठलाही उपचार चालतो असंही नाही. उपचारांची यादी ठरलेली आहे. २०२३ च्या निर्णयात ती १,३५६ उपचारांची होती, आणि ती बदलत असते. प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो. त्यात खाट, डॉक्टरची फी, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेचं भाडं धरलेलं असतं. यादीतले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखून ठेवलेत.

कुठलाही दवाखानाही चालत नाही, तो योजनेत नोंदलेला लागतो. आपली माणसं दवाखाना निवडतात नावावर. पाटणची माणसं कराडला जातात, जत-कवठेमहांकाळची मिरजेला. मिरज तर १८९४ साली डॉ. वान्लेस यांनी दवाखाना काढला तेव्हापासून दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातनंही पेशंट येतात. नावाजलेल्या दवाखान्यात जाणं चूक नाही. पण मोठं नाव म्हणजे योजना असेलच असं नाही, आणि ज्याचं फारसं नाव ऐकलं नाही तिथं ती असू शकते. शिवाय दवाखाना योजनेत असला तरी सगळ्या आजारांसाठी असतोच असं नाही. एखादा फक्त हाडांसाठी असतो, एखादा फक्त डायलिसिससाठी. म्हणून प्रश्न विचारायचा तो असा: ‘या आजारासाठी योजना इथं चालते का? नसेल तर जवळ कुठं चालते?’

आता कडू बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही उद्या मलाच धराल. खासगी दवाखान्यांची तक्रार असते की सरकारनं ठरवलेला दर परवडत नाही आणि पैसे उशिरा येतात. त्यामुळं कुणी योजनेत येत नाही, कुणी येऊन खाट नाही म्हणतं. सगळ्या कुटुंबांना योजना लागू केली की सरकारचा खर्चही वाढतो. तो कुठूनतरी भरावा लागतोच, आणि तो भरणारे आपणच. योजनेवर जास्त पैसा गेला आणि पीएचसीत बीपीच्या गोळ्या संपल्या, तर तोटाही आपलाच.

आणि योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी आहे. शुगरच्या रोजच्या गोळ्या, तापाला डॉक्टरची फी, सोनोग्राफी, जाण्यायेण्याचं भाडं, सोबत राहणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, हे त्यात येत नाही. घराला रोज पोखरतं ते हेच. देशाच्या आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये १०० रुपयांत ६४ रुपये होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ रुपयांवर आला. कमी झाला ही चांगली गोष्ट. पण १०० तले ३९ रुपये ऐन आजारपणात खिशातून काढणं हेही थोडं नाही. देशाच्या एकूण उत्पन्नातले अडीच टक्के सरकारनं २०२५ पर्यंत आरोग्यावर खर्च करावेत, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय. २०२१-२२ चा आकडा होता १.८४ टक्के. म्हणून ग्रामसभेत पीएचसीतल्या औषधांचा प्रश्न विचारणं हेही आपल्या खर्चाचंच काम आहे. नुसत्या कार्डावर भागणार नाही.

कर माफ असलेले दवाखाने

ही गोष्ट आपल्यातल्या फार थोड्याजणींना माहीत आहे. पुष्कळ मोठे दवाखाने ट्रस्टचे, म्हणजे धर्मादाय असतात. धर्मादाय म्हणून त्यांना करात आणि इतर सवलती मिळतात. जो कर त्यांच्याकडून आला असता तो सरकारनं, म्हणजे आपण, सोडून दिला. त्याच्या बदल्यात त्यांनी काही करायचं असतं.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि २००६ सालच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणं अशा दवाखान्यानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवायच्या. आणखी १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी सवलतीत ठेवायच्या. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला किंवा रेशनकार्ड दाखवावं लागतं. अशा रुग्णाला भरती करताना डिपॉझिट मागायचं नसतं. दवाखान्याच्या पाटीवर ‘धर्मादाय’ शब्द बघा, आत गेल्यावर तिथल्या समाजसेवकाला भेटा. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज करता येतो.

एखादा उपचार योजनेच्या यादीत नसेल तर ही दुसरी वाट आहे. ही मेहेरबानी समजू नका. कर माफ करून घेतला त्याची ही परतफेड आहे.

बाहेरचा विमा घ्यावा का?

हल्ली गावात विम्याचे एजंट फार फिरतात. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. वैयक्तिक आणि कुटुंबाच्या पॉलिसीवरचा तो २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकलाय. म्हणजे आधी मूळ हप्ता १०,००० असेल तर ११,८०० भरावे लागत, आता वरचे १,८०० लागत नाहीत. त्याच दिवसापासून बहुतेक औषधांवरचा करही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मेडिकलमधून पावती घ्यायची सवय लावा, म्हणजे कर किती लावला ते दिसेल.

पॉलिसी घ्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आहे. मी एवढंच म्हणेन, आधी हातात जे आहे ते पक्कं करा. आयुष्मान कार्ड काढलेलं नसताना पाच हजारांचा हप्ता भरू नका. घरात ७० वर्षांच्या पुढचं माणूस असेल तर त्याचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते मिळतंय, उत्पन्नाची अट नाही. आणि कर्जासोबत कुणी विमा चिकटवत असेल तर त्यात काय मिळतं ते वाचून घ्या, मगच सही करा.

वेळ आली तर काय करायचं

१. जीव धोक्यात असेल तर आधी दवाखाना. १०८ ला फोन करा, जवळ जो दवाखाना असेल तिथं न्या. योजना शोधत बसून उशीर करू नका.

२. पेशंट स्थिर झाला की लगेच विचारा, ‘इथं योजना आहे का? आरोग्यमित्र कुठं बसतात?’ योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड त्याला दाखवा.

३. तिथं योजना नसेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत नंबरवर फोन करा. आजार सांगा, जवळचा नोंदलेला दवाखाना विचारा. आयुष्मानचा नंबर १४५५५. पेशंट हलवता येईल का हे मात्र डॉक्टरलाच विचारायचं, आपण ठरवायचं नाही.

४. उपचाराला आधी मंजुरी घ्यावी लागते. ऑपरेशन होऊन, बिल भरून झाल्यावर योजनेत बसवता येत नाही. आक्कांचं इथंच हुकलं.

५. योजनेत भरती झाल्यावर कुणी वरचे पैसे मागितले तर भांडू नका, पावती मागा. पावती देत नसतील तर आरोग्यमित्राला सांगा. त्यानं ऐकलं नाही तर वरच्या नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

६. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतंय का ते आजच बघा. लग्नाआधीचं नाव, चुकलेली जन्मतारीख, कार्डावर न चढवलेली सून आणि नातवंडं, नेमकं दवाखान्यात हे आडवं येतं. रात्री बारा वाजता ते दुरुस्त होत नाही.

गटानं काय करायचं

आपल्या त्या बैठकीनंतर आम्ही एक छोटी गोष्ट केली. कर्जमागणी अर्जावर ‘कारण: आजारपण’ असेल तर त्याच्या खाली तीन ओळी वाढवल्या. दवाखाना कोणता? तिथं योजना आहे का, कुणाला विचारलं? नसेल तर दुसरीकडं चौकशी केली का? या तीन ओळी भरल्याशिवाय सचिव ताई अर्ज पुढं घेत नाहीत. कर्ज अडवण्यासाठी हे केलेलं नाही. जीव धोक्यात असेल तर पैसे आधी देतात, ओळी नंतर भरतात. पण बाकी वेळी ताईकडं मोबाइल असतो, तिथल्या तिथं फोन लावला जातो. गेल्या महिन्यात एका ताईंच्या सासूबाईंसाठी ८०,००० रुपयांची मागणी आली होती. फोन लावला, योजनेतला दवाखाना कळला. शेवटी लागले ते ६,००० रुपये, जाण्यायेण्याला आणि सोबतच्या माणसाच्या खर्चाला.

तुमच्या गटानंही या महिन्याच्या बैठकीत हा ठराव घ्यावा, असं मला वाटतं. आणि एक पान वहीत करा: कुणाचं आयुष्मान कार्ड निघालंय, कुणाचं राहिलंय, कुणाच्या रेशनकार्डावर नाव नाही, घरात ७० च्या पुढं कोण आहे. दहा-बारा बायकांचं पान भरायला अर्धा तास लागतो. ज्यांची कार्डं राहिलीत त्यांची यादी ग्रामसंघाकडं द्या. आशाताईंना आणि आपले सरकार केंद्रवाल्याला एकाच दिवशी बोलावून कामं उरकता येतील.

आक्कांचं कर्ज अजून चालू आहे. सावकाराचं आम्ही आधी फेडायचं ठरवलं. गटानं त्यांना आणखी ४०,००० दिले, म्हणजे पाच रुपयांचं व्याज दोन रुपयांवर आलं. महिन्याचे १,२०० रुपये वाचले. गेलेले १,४०,००० काही परत येत नाहीत. पण परवा त्याच बैठकीत एक नवी ताई म्हणाली, “फुकटची योजना आहे म्हणे.” मी काही बोलायच्या आत आक्का म्हणाल्या, “फुकाटची न्हाई गं. माझी म्हस गेली तवा कळलं. पैकं आपुन आधीच भरल्यात, आता परत भरायचं न्हाईत.”

पुढच्या बैठकीला येताना सगळ्याजणी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक